भागोजीने पाडलेल्या खुणा

उमरठच्या भागोजीला झोप यायची तीसुद्धा दोनदा तपासून. अंथरुणावर पाठ टेकली की हा पुन्हा उठायचा आणि गोठ्याची कडी बघून यायचा. कडी लागलेलीच असायची. मग चुलीत निखारा राहिलाय का, रांजणावर झाकण आहे का, एकेक आठवत जायचं. त्याची बायको मंजुळा भिंतीकडे तोंड करून म्हणायची, "शेजारच्यांची कडी राहिली, ती पन बघून या. तेवढाच शेजारधर्म."

टोमणा त्याला कळायचा. पण एवढं बोलणं झाल्यावर शेजाऱ्यांची कडी खरंच लागलीय का, हा नवा किडा डोक्यात शिरायचा आणि रात्र त्यातच जायची.

असा माणूस गावात चेष्टेचा आणि विमानाच्या धंद्यात सोन्याचा. भागोजी मिसरूड फुटायच्या आत मुंबईला गेला तो गिरणीत चिकटायला. गिरणीत जागा नव्हती, म्हणून एका गाववाल्याच्या ओळखीने जुहूला पिकांवर औषध फवारणाऱ्या छोट्या विमानांच्या कंपनीत लागला. काम काय, तर विमान ढकलायचं आणि धुवायचं. ढकलता ढकलता पाने-पक्कड हातात आले, आणि एक दिवस इंजिनातलं तेल बघायचं काम त्याच्याकडे आलं ते कायमचं.

तेल बघायचं म्हणजे काय, हे भागोजीच्या तोंडून ऐकावं. सत्यनारायणाची पोथी सांगावी तसा सांगायचा. "इंजिन बंद झाल्या झाल्या गेज काढायची नाय. तेल वर चढलेलं असतंय, त्याला खाली उतराया वेळ द्यायचा. विमान सपाट जागी पायजे. गेज काढायची, पुसायची. परत घालायची. परत काढायची. मग आडवी धरायची आन् बघायचं. उभी धरली का तेल वघळतंय, आन् गेज खोटं बोलते." गेज म्हणजे हातभर लांबीची पोलादी पट्टी, तिच्यावर खुणा. त्याच्या इंजिनात आठ मापं तेल मावायचं. चारच्या खाली गेलं तर उडायचं नाही, कारण मग पंप तेलाऐवजी हवा ओढतो, आणि बिनतेलाचं इंजिन वर आभाळात बंद पडतं. दुसरे मिस्त्री एकदा बघत. भागोजी तीनदा बघायचा, आणि विमान निघता निघता म्हणायचा, "थांबा साहेब, झाकण नीट बसलंय का, येकदा..."

अठ्ठ्याहत्तर साली महाड-पोलादपूरकडच्या गरव्या, म्हणजे उशिरा पिकणाऱ्या भातावर तुडतुडे पडले. सावित्रीच्या काठाला, महाडच्या थोडं अलीकडे, एक मुरमाड माळ होता. त्याच्यावरचे दगडधोंडे वेचून, रोलर फिरवून कंपनीने तिथं विमान उतरवलं. विमानाबरोबर कॅप्टन आणि कॅप्टनबरोबर भागोजी. आपल्याच मुलखात आपण विमान घेऊन आलो याचा भागोजीला आनंद झाला का? झाला, पण त्याला तो घ्यायला सवड मिळाली नाही. माळावर गुरं यायची. पोरं यायची. म्हाताऱ्या यायच्या आणि विमानाच्या शेपटीला हळदकुंकू लावून जायच्या. भागोजी चिंधी घेऊन त्यांच्या मागे.

"आये, कुंकू नका लावू गो, भोकात जातं."

"सवाष्ण हाय का रे ही?"

"इंजिन हाय, आये."

कॅप्टन पुण्याचा. हवाई दलातून निवृत्त झालेला, आणि अंगात घाई नावाची गोष्ट नसलेला. माणूस विमान चालवायचा तो असा, जणू झोपाळ्यावर बसून सुपारी कातरतोय. खाली असला की खाटेवर पडून तवसं, म्हणजे गावठी मोठी काकडी, खायचा. बोलणं सावकाश, शब्द धुऊन वाळत घातल्यासारखे. "होईल हो भागोजी. घाई काय आहे? भात कुठं पळून जातंय का?" भागोजीला हे ऐकलं की पायाला मुंग्या यायच्या.

पहिल्याच आठवड्यात घोटाळा झाला. भागोजीने गेज काढून पुसायला म्हणून चाकाशेजारच्या चटईवर ठेवली, तेवढ्यात एक म्हैस शेपटीच्या बाजूने विमानाला अंग घासायला लागली. तिला हाकलायला हा धावला, आणि म्हैस वळली ती नेमकी चटईवरून. पट्टीचा कोयता झाला. सरळ करायला गेले तर मधोमध मोडली.

कंपनीचा इंजिनिअर मुंबईत कावीळ होऊन पडलेला. महाडच्या पोस्टातून ट्रंक कॉल लावला, तो लागेपर्यंत भागोजीने पोस्टाच्या ओट्यावर इतक्या फेऱ्या मारल्या की पोस्टमास्तर म्हणाले, "अहो, बसा की. तुमच्या फेऱ्यांनी लाइन लवकर लागणार आहे का?" लागली तेव्हा इंजिनिअरचा आवाज विहिरीतून आल्यासारखा. नवी गेज त्याने एसटीच्या ड्रायव्हरबरोबर पाठवली. पण ती दुसऱ्या जातीच्या विमानाची होती. इंजिन तेच, पण त्या विमानात ते जरा तिरकं बसतं, म्हणून तिच्यावरच्या खुणा इथं चालणार नाहीत. पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर नव्या खुणा पाडायच्या.

"कालच तेल बदललंय ना?" इंजिनिअर ओरडला.

"होय साहेब. मोजून आठ मापं घातलीत. मी स्वता."

"मग आठची खूण कर. खालच्या तोटीतून एक माप काढ, तेल स्थिर होऊ दे, सातची खूण कर. असं चारपर्यंत उतरत ये. समजलं?"

"समजलं साहेब. विमान सपाट ठेवायचं ना?"

"तू मला शिकव आता," असं म्हणून विहीर बंद झाली.

आता मापाला कोण बसणार? कॅप्टन बसला असता, पण माप भरता भरता त्याला झोप लागली असती. भागोजी वर इंजिनाशी कानस घेऊन उभा राहणार, म्हणजे खाली तोटीशी असा माणूस हवा की ज्याच्या हातून थेंब सांडणार नाही. भागोजीच्या डोळ्यांसमोर एकच नाव आलं: चांगू मापारी.

चांगू उमरठचाच, साठीच्या पुढचा. मापारी म्हणजे खळ्यावर भात मोजणारा माणूस, आणि हे काम त्याच्या घरात आज्या-पणज्यापासून. दोन भावांच्या वाटण्या असोत नाहीतर कुळाचा वाटा असो, पायली चांगूच्या हातात असली की भांडण नाही. त्याचा हात पायलीवरून असा फिरायचा की एक दाणा जास्त नाही, एक कमी नाही. तो मोजायचा तेसुद्धा गळ्यावर. "एक" म्हणायचा नाही. पहिल्या मापाला "लाऽभ", मग "दोऽन", "तीऽन", प्रत्येक आकडा नदीपलीकडे पोचवल्यासारखा.

भागोजीने निरोप धाडला, चांगू दुसऱ्या दिवशी हजर. डोक्याला नवं मुंडासं. विमानाकडे बघून म्हणाला, "इमान मोजायचंय का इमानातलं?"

"आतलं तेल, चांगूदादा."

"माप खरं हाय ना?"

"कंपनीचं हाय."

"कंपनीचं म्हंजे खरं आसंल आसं नाय," चांगू म्हणाला, पण पत्र्याचं माप उलटंसुलटं करून, नखाने वाजवून त्याने ते पसंत केलं आणि इंजिनाखाली मांडी घातली.

भागोजी स्टुलावर चढला. गेज घातली, काढली, आठची खूण कानशीने पाडली. आता चांगूला हाक मारणार, इतक्यात नेहमीचा किडा वळवळला. विमान तसूभर हललं तरी खूण खोटी. "चांगूदादा, जरा थांब. चाकाखालचे दगड बघून येतो." खाली उतरला, डावीकडचा दगड लाथेने दाबला, उजवीकडचा दाबला, शेपटीकडे गेला, तिथं एक शेळी बसली होती तिला उठवलं, परत फिरून डावीकडचा दगड पुन्हा दाबला. आला तेव्हा चांगू रिकामं माप मांडीवर घेऊन बसलेला.

"करू चालू?"

"कर."

"लाऽभ," चांगूने सूर लावला. तोटी उघडली, माप काठोकाठ भरलं, तोटी बंद. भागोजीने तेल बसू दिलं, गेज बुडवली, खूण पाडली. सात. "दोऽन." सहा. "तीऽन." पाच. "चाऽर." चारची खूण पाडून भागोजीने गेज उन्हात धरली.

खाली काढलेल्या तेलात वाऱ्याने काडीकचरा पडला होता, ते वंगणाला म्हणून रोलरवाल्याला देऊन टाकलं. इंजिनात नव्या डब्यातलं तेल ओतलं. नव्या गेजवर सहा दिसेपर्यंत. कॅप्टनचा तसा नियमच होता. आठ भरलं की वरचं एखादं माप इंजिन बाहेर थुंकतं आणि काच चिकट होते, म्हणून सहावर भागवायचं. सगळं ठीक झालं.

फक्त एक गोष्ट. सात ते चारपर्यंतच्या खुणा सारख्या अंतरावर होत्या, शिडीच्या पायऱ्यांसारख्या. आठ आणि सातच्या मधली पायरी मात्र दुप्पट उंच.

भागोजीने ती कॅप्टनला दाखवली. कॅप्टनने तवशाची फोड तोंडात टाकली, गेज एका डोळ्याने बघितली. "गळ्याशी निमुळतं असेल आत. तुमची घागर बघा, गळ्याशी आली की पाणी कसं भराभर चढतं. तसंच."

घागरीचं बोलणं भागोजीच्या कानाला पटलं. पोटाला पटेना. तो त्यानंतर रोज गेज काढायचा, पुसायचा, बघायचा, आणि त्या मोठ्या पायरीवर अंगठ्याचं नख फिरवायचा. विमान मात्र छान उडत होतं. सकाळी कोवळ्या उन्हात खलाटीवरून, म्हणजे सखल भातशेतांवरून, औषधाचा पांढरा पट्टा ओढत जायचं आणि घटकाभरात परत. पुन्हा तेल सहापर्यंत. कुठं काही बिघडलं नाही. भागोजीच्या जिवाला तेवढाच त्रास: बिघडत का नाही?

दसरा झाला. तुडतुडे आटोपले. कंपनीचा निरोप आला, विमान घाटावर साताऱ्याकडे न्या, तिथं उसाचं काम आहे. म्हणजे पोलादपूरवरून आंबेनळी घाटाच्या डोक्यावरून जायचं. आतापर्यंतच्या फेऱ्या खलाटीवरच्या, इंजिन बंद पडलं तरी चिखलात उतरता आलं असतं. घाटात उतरायला जागा म्हणजे दरी. कॅप्टन म्हणाला, "उद्या दुपारी जेवून निघतो. तुम्ही सामान घेऊन मागून एसटीने या. आणि आज घरी जाऊन या की, सकाळची काय घाई आहे?"

भागोजीने तेल सहावर आहे हे बघितलं. पुन्हा बघितलं. आणि संध्याकाळच्या गाडीने उमरठ गाठलं.

घरी हळव्या, लवकर पिकणाऱ्या भाताची झोडणी झालेली, खळ्यावर रास पडलेली. सकाळी मोजणीला चांगू आला. मंजुळा सूप घेऊन उभी, शेजारची रंगूबाई पाटी धरायला आलेली. भागोजी चार दिशांना चार चकरा मारत होता.

"अवो, जरा येका जागी ऱ्हावा," मंजुळा म्हणाली. "वर्सातनं येकदा मोजणीला घरी गावलाव, त्ये पन उंबरठ्यावरच्या मांजरावानी."

"ऱ्हायलोय की."

"पाय ऱ्हायलं न्हाईत, तोंड ऱ्हायलंय," रंगूबाई म्हणाली.

चांगूने पायली राशीत खुपसली, भरली, हाताने सपाट केली. काही बोलला नाही. उठला, खळ्याच्या कडेला शेंदूर लावलेल्या दगडापुढे पायली पालथी केली, हात जोडले, परत येऊन राशीशी बसला. मग पायली पुन्हा भरली आणि सूर लावला. "लाऽभ."

रंगूबाईने पाटी पुढे केली. मंजुळेने टोपली सरकवली. चांगू म्हणाला, "दोऽन."

भागोजी जागच्या जागी थिजला. दोन्ही बायकांनी हातातलं काम थांबवून त्याच्याकडे बघितलं, कारण हा माणूस स्थिर उभा आहे म्हणजे त्याला विंचू चावलाय.

"चांगूदादा," भागोजी हळू म्हणाला, "पयलं माप तू मोजलं नाय."

"पयलं देवाचं. त्ये कधी मोजत्यात का?"

"ठावं हाय मला. भाताचं ठावं हाय." "तेलाचं काय केलंस? मी दगड बघाया गेलो तवा?"

चांगूने त्याच्याकडे असं बघितलं, जसं मास्तर पाढे चुकलेल्या पोराकडे बघतो. "म्हंजे? इमान उडतंय कुनाच्या जाग्यावरनं? माळाला राखनदार देव हाय. ऐनाच्या झाडाखाली बसलाय. त्याच्या जाग्यावर मापाला बसायचं आन् त्याला द्यायचं नाय? येक माप काढलं, त्याच्या पायावर घातलं, येऊन बसलो. तू आलास, मंग चालू केलं."

"आन् मला बोलला नायस."

"देवाचं दिल्यालं बोलून दावायचं असतंय का?"

भागोजी मटकन खळ्याच्या कडेवर टेकला आणि लगेच उठला. मोठी पायरी का मोठी होती ते आता लख्ख दिसलं. आठ आणि सातच्या मधे एक नाही, दोन मापं निघाली होती. म्हणजे सातची खूण खरी सहाची, सहाची पाचची, चारची तीनची. गेज सहा दाखवते तेव्हा आत पाच. घाट चढताना ते जुनं, तेलखाऊ इंजिन माप-दीड माप पिणार. कॅप्टन गेजच्या भरवशावर निवांत, आणि आत पंपाला हवा ओढायची वेळ. खाली आंबेनळीची दरी. आणि कॅप्टन दुपारी जेवून निघणार.

"मी निघालो," भागोजी म्हणाला.

"आन् रास?" मंजुळेने विचारलं.

"तू बघ गो. इमान थांबवायला पायजे. माज्या खुना खोट्या हायेत."

चांगू उठून उभा राहिला. मुंडासं बसवलं. "खोट्या? मोजलं कुनी?"

"तूच, चांगूदादा. पन आता भांडाया येळ नाय."

"मंग मी बी येतो. चांगू मापाऱ्याचं माप खोटं, आसं तिकडं माझ्या माघारी कोन बोलंल त्ये मला ऐकायचंय."

सकाळची एसटी गेली होती. दोघं पोलादपूरच्या वाटेला लागले. भागोजी पुढे धावायचा, मागे वळून बघायचा, परत यायचा, चांगूचा दंड धरायचा. चांगू एका लयीत चालत होता आणि एका लयीत बोलत होता. "आज्याला आमच्या सरकारी लोकांनी मापाला बोलावला होता. कुनी खोटं म्हनालं नाय."

"तू खोटा नायस दादा. खुना खोट्या."

"खुना कुनी पाडल्या?"

"मी."

"मंग मी कशाला पळतोय?"

"मी म्हनालो का पळ म्हनून?"

वाटेत कोळशाच्या पोत्यांचा ट्रक भेटला. ड्रायव्हरला मुंबईची हवा लागलेली. "कायको घाबरताय मामा? आपण हाय ना. फुल स्पीड." त्याचा फुल स्पीड म्हणजे बैलगाडीला लाज वाटली असती. एका वळणावर उतरून त्याने रेडिएटरमध्ये पाणी घातलं, विडी पेटवली, आणि ओळखीच्या कुणाशी तरी बारशाच्या गप्पा सुरू केल्या. भागोजीने बॉनेट उघडून आतलं तेल बघितलं. ड्रायव्हर खवळला. "ओ, तुमचा काय संबंध?"

"कमी हाय," भागोजी म्हणाला. "निघा लवकर, नायतर हितंच बसंल."

ते ऐकून मात्र ट्रक निघाला. पोलादपूरला महाडची गाडी उभीच होती, भरलेली. कंडक्टरच्या नाकातून रेकॉर्ड लागलेली: "पुढं सरका, पुढं सरका, मागं मानसं लोंबतायत, पुढं काय लगीन हाय का?" गाडी प्रत्येक फाट्याला थांबत होती. एक आजी कोंबडीसह उतरली, कोंबडी उतरेना. भागोजीने कोंबडी उचलून आजीच्या हातात दिली आणि कंडक्टरच्या आधी घंटेची दोरी त्यानेच ओढली. कंडक्टर म्हणाला, "मग तिकिटं पण तुमीच फाडा." चांगूने सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं सांगितलं, "त्यांचं इमान चाललंय." गाडीतल्या लोकांनी भागोजीच्या धोतराकडे बघितलं आणि सोडून दिलं.

माळाच्या फाट्यावर उतरले तेव्हा आवाज ऐकू आला. पंखा फिरत होता.

भागोजी धावला, पण समोरून नाही. फिरत्या पंख्याच्या समोर जाणारा मिस्त्री दुसऱ्यांदा जात नाही. बाजूने वळसा घालून तो कॅप्टनच्या नजरेच्या टप्प्यात आला आणि दोन्ही हात डोक्यावर आडवे धरून फुली केली. इंजिन बंद, अशी खूण. कॅप्टनने आतून हात हलवून हा काय प्रकार असं विचारलं. भागोजीने फुली हलवली नाही. पंखा अडखळत थांबला.

"भागोजी, काय हो हे? मी आत्ताच तेल बघितलं. सहा आहे."

"नाय साहेब. पाच हाय. खुना चुकल्यात. मीच पाडल्यात."

मागे चांगू धापा टाकत येऊन उभा. भागोजीच्या जिभेवर आलं होतं की मापारी बोलला नाही, देवाला घातलं. ते त्याने उलट क्रमाने सांगितलं. आधी सांगितलं की मापाला बसवलेला माणूस सोडून आपण दगड बघायला गेलो, मग सांगितलं की मागे एक माप निघालं. कुठं गेलं, तेही सांगितलं.

कॅप्टन खाली उतरला. ऐनाखाली गेला. तिथल्या दगडाला बोट लावून बघितलं, बोट काळं झालं. पहिल्यांदाच असं झालं की या माणसाने जांभई दिली नाही. त्याने वळून घाटाच्या रांगेकडे बघितलं. "आणि मी तुम्हाला घागर सांगितली," तो म्हणाला.

"होय साहेब."

"नक्की एकच माप ना? कशावरून?"

याला उत्तर एकच होतं. सगळं तेल काढायचं आणि रिकाम्यापासून मोजत भरायचं, नव्या खुणा पाडायच्या. कॅप्टन म्हणाला, "मापारीबुवा, बसणार का? पण या वेळी पहिलंसुद्धा मोजायचं."

भागोजीने डोळे मिटले, कारण आता वाद होणार. चांगूने मुंडासं काढलं, झटकलं, पुन्हा बांधलं. "देवाचं येका हंगामाला येकदा. त्याला त्याचं पोचलंय. आता पयल्यापासनं मोजतो. आन् साहेब, तुमच्या देखत मोजतो. कमी-जास्त झालं तर मुंडासं तुमच्या पायावर."

"पायावर नको. मोजा."

"लाऽभ," चांगू म्हणाला, आणि भागोजी या वेळी दगड बघायला गेला नाही. त्याचे तळपाय जळत होते. डाव्या चाकाचा दगड सुटलाय, सुटलाय, असं डोक्यात कुणीतरी घण घालत होतं. तो स्टुलावरून हलला नाही. प्रत्येक माप आत जाताना डोळ्यांनी बघितलं. तेल बसू दिलं. खूण पाडली. पायऱ्या तळापासून गळ्यापर्यंत सारख्या पडल्या. जुन्या सहाची खूण नव्या पाचला टेकली.

सगळं होईपर्यंत ऊन कलायला लागलं होतं. कॅप्टनने गेज हातात घेऊन आडवी धरली, दोन्ही डोळ्यांनी बघितली. मग म्हणाला, "भागोजी, शेजारच्या सीटवरचे डबे उतरवा."

"कशाला साहेब?"

"तुम्ही बसताय. खुणा तुमच्या आहेत ना? मग चला त्यांच्यावर घाटापलीकडे."

इतकी वर्षं विमान ढकललं, पण भागोजी कधी वर गेला नव्हता. त्याने डबे उतरवले, सामान घरी न्यायचं चांगूला सांगितलं, घरी काय सांगायचं ते सांगायचं विसरला. आत चढला. पट्टा बांधला. सोडला, पुन्हा बांधला. कॅप्टन म्हणाला, "आता तेल बघायला उतरू नका म्हणजे झालं."

विमान उडालं. चांगू संध्याकाळच्या गाडीने उमरठला पोचला, पण त्याच्या आधी विमान पोचलं. मंजुळा खळ्यावर होती. आवाज आला, सगळा गाव बाहेर आला. रंगूबाई म्हणाली, "किती खालनं चाललंय गो." मंजुळेला काय वाटलं कोण जाणे, आत कोण आहे हे तिला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. तिने वाळत घातलेलं लाल लुगडं ओढलं आणि दोन्ही हातांनी हलवत राहिली, विमान घाटाच्या अंगाला जाऊन ठिपका होईपर्यंत.

आत कॅप्टन सावकाश म्हणत होता, "ते बघा भागोजी, तुमचं उमरठ. खळ्यात कोणीतरी काहीतरी लाल हलवतंय."

"होय साहेब," भागोजी म्हणाला. त्याची नजर समोरच्या एका छोट्या तबकडीवर होती. तिथं तेलाच्या दाबाचा काटा होता आणि त्याच्यामागे हिरवा पट्टा. आंबेनळीवर विमान वाऱ्याने हबकलं तसा काटा थरथरला, आणि भागोजीने दोन्ही हातांनी सीटची कड धरली, जणू विमान नाही, काटाच पडणार आहे. कॅप्टनने दऱ्या दाखवल्या, महाबळेश्वरची झाडी दाखवली. "होय साहेब." साताऱ्याकडे उतरले तेव्हा गेजवर नेमकं तेवढंच तेल कमी झालं होतं, जेवढं इंजिन पितं. भागोजीने ते तीनदा बघितलं.

दोन दिवसांनी तो सामान न्यायला एसटीने आंबेनळी उतरून गावी आला. ओट्यावर मंडळी जमलेली, चांगू मधोमध. "सांग रे, वरनं कसं दिसतंय? आपलं गाव किती येवढं? नदी कशी? घाटाचा रस्ता सापावानी दिसतोय म्हनं?"

भागोजी ओशाळला. "काटा हिरव्यावर होता," तो म्हणाला. "घाटावर जरासा हलला. परत हिरव्यावर आला."

"आन् गाव?"

"गाव नाय बघितलं."

"आन् मी दोन्ही हातांनी लुगडं हलवत होते ते?" मंजुळा दारातून म्हणाली.

"साहेब बोलले, कुनीतरी लाल हलवतंय. पन तवाच काटा..."

मंजुळा आत वळून रंगूबाईला म्हणाली, "येवढं आभाळात नेला बापड्याला. त्यानं आभाळसुदीक बघितलं नाय."

चांगू मात्र खूश होता. तो भागोजीच्या कानाशी झुकला. "म्हंजे, मोजलं त्ये बरुबर?"

"दाण्याचा फरक नाय, दादा."

चांगूने मुंडाशाला हात लावला, आणि भागोजी तोवर उठला होता. दाराची कडी बघायला.